न घेतलेलं कर्ज आणि सिबिलवरची नोंद: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ज्यांचं हे प्रकरण आहे त्या शाळेत शिकवतात, म्हणून इथे त्यांना बाईच म्हणतो. नाव, गाव, बँक, कर्ज देणारी कंपनी, ओळख पटेल असं सगळं गाळलंय. बाईंचा कर्जाशी संबंध आयुष्यात एकदाच आलेला, स्कूटर घेतली तेव्हा, आणि ते एकही हप्ता न चुकवता फेडलेलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये दोघा नवराबायकोने एक फ्लॅट पसंत केला, १ लाख इसार दिला, साठेखत ४५ दिवसांत करायचं ठरलं आणि ज्या बँकेत बाईंचा पगार जमा होतो तिथेच ३८ लाखांच्या होमलोनची फाइल टाकली. सगळं सरळ होतं.

सप्टेंबरमध्ये बँकेतून फोन आला. "मॅडम, सिबिल फार कमी येतंय, एक पर्सनल लोन राइट ऑफ दाखवतंय, आधी ते क्लिअर करा मग बघू." बाई म्हणाल्या, "अहो साहेब, मी पर्सनल लोन कधी घेतलेलंच नाही." तर तिकडून, "सगळे असंच म्हणतात मॅडम." बाईंनी रिपोर्टची कॉपी मागितली तर "ते इंटर्नल असतं, देता येत नाही" असं उत्तर आलं. हे उत्तर चूक होतं. क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्यांचा, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपन्यांचा, जो २००५ चा कायदा आहे त्याच्या कलम २१ मध्ये स्पष्ट लिहिलंय की कर्जासाठी अर्ज करणाऱ्याने मागितली तर बँकेने तिच्याकडे आलेल्या क्रेडिट माहितीची प्रत द्यायची असते, फार तर ठरलेली फी घेऊन. पण फोनवर समोरचा माणूस ठामपणे बोलला की आपण गप्प बसतो, बाईही बसल्या.

मग त्यांनी स्वतः रिपोर्ट काढला. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आणि तोही चारही कंपन्यांकडून वेगवेगळा, म्हणजे ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. लोक सगळ्यालाच "सिबिल" म्हणतात म्हणून बाकीचे तीन कोणाच्या लक्षातच येत नाहीत, आणि या प्रकरणात पुढे नेमका त्याचाच त्रास झाला.

नेमकी अडचण काय होती

रिपोर्टमध्ये स्कूटरचं कर्ज होतं, बंद, स्वच्छ. त्याखाली एका एनबीएफसीचं (म्हणजे बँक नसलेल्या पण कर्ज देणाऱ्या कंपनीचं) ४०,००० रुपयांचं पर्सनल लोन, फेब्रुवारी २०२३ मध्ये उघडलेलं, एकही हप्ता न भरलेलं, व्याज आणि दंड धरून थकबाकी ६१,००० आणि स्टेटस राइट ऑफ, म्हणजे वसूल होत नाही म्हणून कंपनीने बुडीत धरलेलं. हे लोन एका मोबाइल ॲपवरून दिलं गेलं होतं.

इथे पहिला निर्णय घ्यायचा होता तो म्हणजे हा प्रकार कुठला. अशा चुका मुख्यतः दोन जातीच्या असतात. एक म्हणजे नावसाधर्म्यातून किंवा पॅनचं एखादं अक्षर चुकल्यामुळे दुसऱ्या माणसाची फाइल आपल्या फाइलमध्ये मिसळणं. दुसरी म्हणजे आपला पॅन वापरून तिसऱ्याच कोणीतरी कर्ज उचलणं. दोन्हीकडे नोंद चुकीचीच असते, पण पहिल्यात रेकॉर्ड नीट वेगळं केलं की विषय संपतो आणि दुसऱ्यात कर्ज देणाऱ्या कंपनीला "आम्ही चुकीच्या माणसाला ओळखलं" हे मान्य करावं लागतं, जे कोणतीही कंपनी सहज करत नाही.

बाईंच्या रिपोर्टमध्ये खुणा होत्या. जन्मतारीख आणि पॅन तंतोतंत त्यांचाच. संपर्काच्या भागात एक अनोळखी मोबाइल नंबर, एक अनोळखी ईमेल आणि परराज्यातला एक पत्ता जिथे त्या कधी गेलेल्याही नाहीत. आणि सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे शेवटचा एन्क्वायरीचा भाग, जो कोणी वाचत नाही: फेब्रुवारी २०२३ च्या एकाच आठवड्यात ५ वेगवेगळ्या कंपन्यांनी त्यांचा रिपोर्ट तपासला होता. फाइल मिसळलेली असती तर त्या दुसऱ्या माणसाची जुनी कर्जं, क्रेडिट कार्डं असं काहीतरी इकडे दिसलं असतं. इथे कोणीतरी एका आठवड्यात पाच दारं ठोठावली आणि एक उघडलं, एवढाच इतिहास दिसत होता. म्हणजे पॅनचा गैरवापर.

पॅन बाहेर कुठून गेला? या प्रश्नावर घरात बरीच डोकेफोड झाली, भाडेकराराचा एजंट, सिमकार्डवाला, विमावाला, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या काही आठवड्यांत हा सगळ्यात निरुपयोगी प्रश्न आहे. पॅनची झेरॉक्स आपण इतक्या ठिकाणी दिलेली असते की उत्तर सापडणं जवळपास अशक्य, आणि सापडलं तरी त्याने सिबिल सुधारत नाही. उपयोगाचा प्रश्न वेगळा होता: पैसे कोणाच्या खात्यात गेले?

अजून एक गोष्ट मागाहून कळली. आधीच्या वर्षभरात बाईंना वसुलीचे फोन आले होते, पण त्यांनी ते फ्रॉड कॉल समजून ब्लॉक केले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही कारण सगळीकडे तेच सांगितलं जातं. मग रिकव्हरीवाल्यांनी शाळेचा नंबर शोधून काढला आणि एकदा संध्याकाळी साडेसातला थेट मोठ्या बाईंनाच, म्हणजे मुख्याध्यापिकांनाच, फोन करून "तुमच्या शिक्षिका कर्ज बुडवून बसल्यात" असं सांगितलं. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या सूचनांनुसार थकलेल्या कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही आणि कर्जदाराच्या घरच्यांच्या, ओळखीच्यांच्या खासगीपणात घुसता येत नाही. म्हणजे कर्ज खरं असतं तरी तो फोन नियमबाह्यच होता.

कायदा कुठे उपयोगी पडला, कुठे नाही

हा भाग जरा लांब होईल, कारण लोकांची गल्लत इथेच होते. "प्रायव्हसी हा मूलभूत अधिकार आहे" हे बरोबर, सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात ते सांगितलंय. पण त्या निकालाचा हवाला देऊन एका खासगी एनबीएफसीच्या कस्टमर केअरला मेल केला तर ठरलेल्या साच्यातलं उत्तर येतं आणि विषय तिथेच थांबतो.

मग २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा. हे प्रकरण घडलं तेव्हा तो मंजूर होता पण लागू नव्हता. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि माहिती मागण्याचे, दुरुस्तीचे, खोडून टाकण्याचे जे अधिकार आहेत ते त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये सुरू व्हायचेत. पण समजा लागू असता तरी एक मजेशीर अडचण होती. त्या कायद्यातलं कलम ११ आणि १२ नीट वाचलं तर माहिती बघण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा अधिकार हा "जिच्या वापराला तुम्ही आधी संमती दिली होती" अशा माहितीबद्दल आहे. बाईंनी संमती दिलीच नव्हती, तक्रारच ती होती! म्हणजे परवानगी दिलेल्या माणसाला दुरुस्ती मागता येते आणि जिची माहिती चोरून वापरली ती बाहेर उभी, असा अर्थ काढायला कंपनीच्या वकिलाला वाव राहतो. माझ्या मते अशा प्रकरणात खरा आधार कलम ८ मध्ये आहे, कारण तिथे असं म्हटलंय की माहितीवरून एखाद्याबद्दल निर्णय होणार असेल किंवा ती दुसऱ्या संस्थेला दिली जाणार असेल तर ती अचूक आणि पूर्ण ठेवण्याची जबाबदारी माहिती वापरणाऱ्या संस्थेची, तिथे संमतीची अट घातलेली नाही. फक्त एक लक्षात ठेवायला हवं, या कायद्यातला दंड कितीही मोठा, अगदी २५० कोटींपर्यंत असला तरी तो सरकारी तिजोरीत जातो, ज्याचं नुकसान झालं त्याला त्यातला एक रुपया मिळत नाही.

उपयोगी पडला तो जुना, कोणाच्या चर्चेत नसलेला २००५ चा कायदा. त्यात माहिती अपडेट करून मागण्याचा अधिकार आहे आणि ३० दिवसांची मुदत आहे. त्यावर रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेलं परिपत्रक, जे एप्रिल २०२४ पासून लागू झालं: ३० दिवसांत तक्रार सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, त्यातही कर्ज देणाऱ्या संस्थेने २१ दिवसांत सुधारित माहिती पाठवायची, ती चुकली तर भरपाई तिच्यावर, तिने वेळेत पाठवली आणि सिबिलसारखी क्रेडिट कंपनी लांबली तर तिच्यावर. आणि तिसरी गोष्ट म्हणजे डिजिटल कर्जांबद्दलचे त्या वेळचे, सप्टेंबर २०२२ चे नियम, ज्यात कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्याच बँक खात्यात गेली पाहिजे असं आहे (काही ठरावीक अपवाद सोडून, जे इथे लागू नव्हते). ही शेवटची ओळ या प्रकरणाचा कणा ठरली.

समोर असलेले पर्याय

सगळ्यात सोपा दिसणारा पर्याय रिकव्हरीवाल्यांनीच दिला. बाईंनी चौकशीला फोन केला तर "मॅडम, ३५,००० भरा, सेटलमेंट लेटर देतो, महिनाभरात सिबिल क्लिअर." साठेखताची तारीख जवळ येत होती, इसाराचा १ लाख अडकलेला, त्यामुळे मिस्टरांचं म्हणणं होतं की भरून टाकू, ३५ हजारांसाठी घर कुठे घालवतेस. हा विचार मूर्खपणाचा नव्हता, हिशोबाने बघितलं तर पटण्यासारखाच होता. पण त्यात दोन खड्डे होते. सेटल केलेलं खातं रिपोर्टवर "सेटल्ड" म्हणूनच राहतं, स्वच्छ बंद झालेलं दिसत नाही, आणि बँका होमलोनच्या वेळी त्याच्याकडे वाकड्या नजरेनेच बघतात. आणि पैसे भरणं म्हणजे कर्ज आपलं होतं हे वागण्यातून मान्य करणं, मग उद्या "हे माझं नव्हतं" म्हणायला तोंड राहत नाही.

दुसरा पर्याय होता "सिबिल दुरुस्त करून देतो" म्हणणारे एजंट. १२,००० मागत होते आणि त्यासाठी पॅन, आधार आणि ओटीपी हवा होता. ज्या कारणाने ही वेळ आली तेच परत करायचं, म्हणून तो लगेच बाद झाला.

तिसरा, सिबिलच्या साइटवर ऑनलाइन डिस्प्यूट, म्हणजे नोंद चूक असल्याची हरकत, टाकून वाट बघायची. बहुतेक लोक एवढंच करतात. अडचण अशी की क्रेडिट कंपनी स्वतःहून काही बदलू शकत नाही, कर्ज देणाऱ्या संस्थेने "हो, दुरुस्ती बरोबर आहे" असं सांगितल्याशिवाय बदल करायचा नाही असं कायद्यातच आहे. म्हणजे डिस्प्यूट फिरून त्याच एनबीएफसीकडे जातो, तिथला कोणीतरी पॅन जुळतोय एवढं बघून "माहिती बरोबर" असं कळवतो, आणि आपल्याला "तक्रार बंद" असा मेसेज येतो.

वकिलांनी सुचवलेला पर्याय होता दिवाणी कोर्टात किंवा ग्राहक आयोगात जाण्याचा. इथे एक बारीक कलम आहे जे वकिलांनाही तेव्हा माहीत नव्हतं: २००५ च्या कायद्यातल्या त्याच कलम २१ च्या परंतुकानुसार दुरुस्तीबद्दलचा वाद लवाद, न्यायाधिकरण किंवा कोर्टापुढे प्रलंबित असेल तर नोंदीत बदल करता येत नाही आणि तोवर कर्ज देणाऱ्याच्या वहीतलीच नोंद धरली जाते. घाईने केस टाकली असती तर कंपनीला आयतं कारण मिळालं असतं की मॅटर कोर्टात आहे, आम्ही हात लावू शकत नाही. कोर्टात जाऊच नये असं मी म्हणत नाही, पण पहिलं पाऊल म्हणून ते घातक होतं.

राहता राहिला तो पर्याय म्हणजे थेट कर्ज देणाऱ्या कंपनीला पकडायचं, सोबत क्रेडिट कंपनीकडे डिस्प्यूट आणि सायबरची तक्रार, आणि ३० दिवसांनी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, म्हणजे अशा संस्थांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. हेच ठरलं.

काय केलं

आधी सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकली आणि पोचपावती घेतली. पोलीस स्टेशनला गेल्यावर "हे आमच्या हद्दीत नाही, पैसे तुमचे गेले नाहीत, मग फसवणूक कोणाची?" असं विचारलं गेलं. आयटी ॲक्टचं ६६सी म्हणजे ओळखीची चोरी, त्यात ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि हद्दीचा प्रश्न नव्या फौजदारी संहितेत झीरो एफआयआरने (हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणाऱ्या) सुटलाय, पण एफआयआर झाली नाही, लेखी अर्जावर शिक्का मिळाला. बाईंनी तिथे भांडण वाढवलं नाही. मला हा निर्णय पटतो, कारण त्या टप्प्याला गरज होती ती "मी तक्रार केली आहे" या तारखेच्या कागदाची, आणि तो मिळाला होता.

संचार साथी या सरकारी पोर्टलवर जाऊन आपल्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत ते तपासलं, तो अनोळखी नंबर यादीत नव्हता. आधारच्या साइटवर ऑथेंटिकेशन हिस्टरी बघितली पण ती मागच्या ६ महिन्यांचीच दिसते आणि कर्ज दीड वर्षं जुनं, त्यामुळे उपयोग झाला नाही.

मग २० सप्टेंबरला कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल आणि रजिस्टर पोस्टाने पत्र. त्याच दिवशी सिबिलवर डिस्प्यूट. पत्राचा मसुदा करताना एक मोठा फरक केला. साधारणपणे माणूस लिहितो "हे कर्ज माझं नाही, कृपया काढून टाका", आणि त्यावर कंपनी "आमच्या रेकॉर्डप्रमाणे आहे" एवढं लिहून मोकळी होते. त्याऐवजी बाईंनी लिहिलं की हे कर्ज माझं आहे असं तुमचं म्हणणं आहे, तर त्याची कागदपत्रं दाखवा: अर्ज आणि करारनामा, केवायसीच्या वेळी घेतलेला फोटो, ओटीपी कुठल्या नंबरवर गेला, रक्कम कुठल्या बँकेच्या कुठल्या खात्यात आणि कोणाच्या नावावर गेली, यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा बँकेतला क्रमांक) काय, आणि वसुली एजन्सीला माझ्या शाळेचा नंबर कोणी दिला. म्हणजे सिद्ध करायचं काम तिकडे गेलं.

दहा-बारा दिवसांनी पहिलं उत्तर आलं, अपेक्षेप्रमाणे: "पॅन आणि जन्मतारीख जुळत असल्याने कर्ज आपलेच आहे, कृपया थकबाकी भरावी." बाई खचल्या. त्यावर उत्तर पाठवलं की पॅन जुळतोय हे मलाही माहीत आहे, माझी तक्रार तीच आहे, मी मागितलेल्या कागदांपैकी एकही तुम्ही दिलेला नाही.

दुसऱ्या खेपेला करारनामा आला, बहुतेक भाग काळा करून. पण दोन गोष्टी दिसत होत्या, ओटीपीचा नंबर तोच अनोळखी, आणि खातं एका अशा बँकेतलं जिथे बाईंचं खातंच नव्हतं. केवायसीचा सेल्फी मात्र दिला नाही, आणि न देण्याचं कारण वाचून आम्ही दोनदा मेल वाचला: ग्राहकाच्या वैयक्तिक माहितीच्या गोपनीयतेमुळे फोटो देता येणार नाही.

हीच या प्रकरणातली कलाटणी. बाईंनी त्यावर जे लिहिलं ते जवळपास त्यांच्याच शब्दांत असं: "तुमच्या म्हणण्याप्रमाणे ग्राहक मी आहे. मग तो फोटो माझा आहे आणि माझाच फोटो मला द्यायला गोपनीयता आड येत नाही. आणि तो दुसऱ्या कोणाचा असल्यामुळे देता येत नसेल, तर ते कर्ज माझं नाही हे तुम्हीच लिहून दिलं आहे. दोन्हीपैकी काय ते कळवा." वर्गात मुलांना पकडतात तसंच पकडलं. यावर कंपनी पूर्ण गप्प झाली.

या गप्प काळात दुसरं एक काम झालं जे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. ज्या बँकेत पैसे गेले तिथे बाईंच्या पॅनवर बनावट खातं उघडलेलं असलं तर? मग कंपनी म्हणाली असती, बघा, खातं तुमच्याच नावाचं. म्हणून आधी इन्कम टॅक्सच्या साइटवर एआयएस, म्हणजे वर्षभराच्या माहितीचं विवरण, बघितलं, त्यात पॅनशी जोडलेल्या बचत खात्यांचं व्याज दिसतं, त्या बँकेचं काही नव्हतं. तो पक्का पुरावा नाही, म्हणून त्या बँकेला लेखी विचारलं की माझ्या पॅनवर तुमच्याकडे खातं आहे का. थोडी टाळाटाळ झाली पण शेवटी मेल आला, या पॅनवर आमच्याकडे कोणतंही खातं नाही. म्हणजे कंपनीने कर्जदाराच्या खात्याऐवजी भलत्याच खात्यात पैसे टाकले होते, आणि हा आता बाईंच्या शब्दाचा प्रश्न राहिला नव्हता.

२० ऑक्टोबरला ३० दिवस संपले. त्यानंतर लगेच लोकपालाकडे सीएमएस या रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर तक्रार, एनबीएफसी आणि क्रेडिट कंपनी दोघांविरुद्ध, क्रेडिट कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून लोकपाल योजनेत आहेत. फी काही नाही, वकील लागत नाही. सोबत जोडलं ते थोडकं: सगळा पत्रव्यवहार तारखेच्या क्रमाने, त्या बँकेचा मेल, आणि फोटोबद्दलची ती दोन उत्तरं.

निकाल

नोव्हेंबरच्या मध्याला कंपनीच्या नोडल ऑफिसरचा स्वतःहून फोन आला. सूर एकदम बदललेला. "मॅडम, केवायसीमध्ये मिसमॅच आढळला आहे, आम्ही खातं काढून टाकतोय." २६ नोव्हेंबरला सिबिलवरून नोंद गेली आणि कंपनीने तसं पत्रही दिलं. मोजायला गेलं तर तक्रारीपासून ६७ दिवस, म्हणजे मुदतीच्या वर ३७, म्हणजे ३,७०० रुपये. ते आपोआप मिळायला हवे होते, तक्रार सुटल्यापासून ५ कामाच्या दिवसांत, पण आले नाहीत. बाईंनी परिपत्रकाचा उल्लेख करून मागितले तेव्हा आले.

फ्लॅट मात्र गेला. विकणाऱ्याने एकदा मुदत वाढवून दिली, दुसऱ्यांदा नाही, आणि इसारातले २५,००० कापून घेतले. मधल्या काळात मिस्टरांच्या एकट्याच्या नावावर कर्ज घेण्याचाही विचार झाला होता, पण त्यांच्या पगारावर २२ लाखांच्या वर जात नव्हतं. पुढच्या वर्षी दुसरा फ्लॅट घेतला, त्याच बँकेतून, या वेळी फाइल बिनबोभाट पास झाली.

पण "नोंद गेली" म्हणजे सगळं गेलं असं नव्हतं. जानेवारीत बाकीच्या तीन कंपन्यांचे रिपोर्ट काढले तर त्यातल्या एकीकडे ते कर्ज तसंच राइट ऑफ म्हणून बसलेलं. ते काढायला परत पत्र, परत वाट, पण या वेळी कंपनीचं पत्र हातात असल्याने वाद झाला नाही. आणि सिबिलवरही तो परराज्यातला पत्ता, तो नंबर आणि त्या ५ एन्क्वायऱ्या तशाच होत्या. कर्ज काढून टाकायला सांगितलं म्हणून कर्ज काढलं, बाकी कोणी सांगितलंच नव्हतं. हे किरकोळ वाटतं पण नाही, कारण पुढे कोणी बाईंच्या नावाने परत अर्ज केला तर तो नंबर आणि तो पत्ता रेकॉर्डशी "जुळतो" असंच दिसणार.

ज्याने कर्ज उचललं तो सापडला नाही. सायबरची तक्रार अजून "प्रक्रियेत" दाखवते.

काय वेगळं करता आलं असतं

लोकपालाच्या टप्प्यावर एक निर्णय असा झाला ज्यावर आमच्यात अजून मतभेद आहेत. कंपनीने नोंद काढल्यावर लोकपाल कार्यालयातून विचारणा झाली की तक्रार मिटली का, आणि बाईंनी "हो" म्हटलं, तक्रार बंद झाली. त्या वेळच्या २०२१ च्या योजनेत नुकसानीसाठी २० लाखांपर्यंत आणि वेळ, मनस्ताप, छळ यासाठी वेगळे १ लाखापर्यंत भरपाईची तरतूद होती. इसाराचे कापलेले २५,००० आणि शाळेतल्या फोनची बदनामी हे दोन्ही त्यात मागता आलं असतं, निदान मागून बघता आलं असतं. बाई म्हणतात मला ते प्रकरण संपवायचं होतं, रोज मेल उघडायची भीती बसली होती. ते समजतं. तरी माझं म्हणणं राहतंच की "नोंद दुरुस्त झाली, भरपाईची मागणी बाकी आहे" असं एक वाक्य लिहून उत्तर देता आलं असतं. तक्रार टाकतानाच भरपाईचा आकडा आणि त्याचा हिशोब लिहिलेला असला की शेवटी दमलेल्या अवस्थेत हा निर्णय घ्यायची वेळ येत नाही.

शाळेतल्या फोनचा मुद्दा पहिल्या पत्रात सगळ्यात शेवटी एका ओळीत होता, तो वेगळी तक्रार म्हणून जायला हवा होता. मोठ्या बाई लेखी द्यायला तयार होत्या, तारीख, वेळ, नंबर सगळं त्यांच्या वहीत होतं. कर्ज कोणाचं हा वाद महिनोन्‌महिने चालू शकतो पण साडेसातला तिसऱ्याच व्यक्तीला फोन केला यात वाद घालायला जागा नव्हती, आणि कंपनीवरचा दबाव कदाचित तिथूनच लवकर तयार झाला असता.

पहिल्याच दिवशी बँकेला कलम २१ दाखवून रिपोर्टची प्रत लेखी मागितली असती तर बँकेने नक्की काय बघून फाइल नाकारली हे कागदावर आलं असतं, आणि विकणाऱ्याला मुदतवाढ मागताना "बँकेचं पत्र बघा, अडचण चुकीच्या नोंदीची आहे" असं दाखवता आलं असतं. फ्लॅट वाचलाच असता असं नाही, पण तोंडी सांगण्यापेक्षा वजन पडलं असतं.

आणि चारही कंपन्यांचे रिपोर्ट सुरुवातीलाच काढून, चौघांकडे एकाच दिवशी डिस्प्यूट टाकून, त्यात कर्जासोबत पत्ता, नंबर, ईमेल आणि एन्क्वायऱ्या काढण्याची मागणी त्याच पत्रात घातली असती तर जानेवारीपासूनची दुसरी फेरी झालीच नसती. आता बाईंच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या रिपोर्टवर असंच एक लोन निघालंय, त्यांना बाईंनी पत्राचा मसुदा दिलाय, चार प्रतींमध्ये.